दारूबंदीच्या शहरात मुलांना दारूपासून दूर ठेवायचं तर: वडोदऱ्यातल्या वाडे, पोळ आणि मंडळांसाठी

विसर्जन आटोपून मी नुकती कुठे पाय पसरून बसले होते, तेवढ्यात दारावर थापा पडल्या. बाहेर दोन मुलं उभी. अंगात मंडळाचे टी-शर्ट, केसांत गुलाल. "मावशी, जरा गच्चीवर येता का? पण घरी कोणाला सांगू नका."

वर पाण्याच्या टाकीपाशी पंधरा वर्षांचा एक मुलगा उताणा पडला होता. तोंडाच्या कडेला उलटी, हात गार. मित्रांनी त्याला लिंबूपाणी पाजायचा प्रयत्न केला होता, डोक्यावर बादली ओतली होती, गालावर चापट्या मारल्या होत्या. हे सगळं पाऊण तास चाललं होतं. मी त्याला कुशीवर वळवलं, तोंड साफ केलं आणि १०८ ला फोन लावला. मुलगा वाचला.

मी आयुष्यभर परिचारिकेची नोकरी केली. दारू प्यायलेली माणसं मला नवीन नाहीत. त्या रात्री झोप उडाली ती त्या पाऊण तासामुळे. मुलं वाईट नव्हती, मित्राला सोडून पळालीही नव्हती. त्यांना फक्त हे ठाऊक होतं की आपल्या गावात दारू म्हणजे पोलीस, आणि पोलीस म्हणजे पप्पा. म्हणून ती गप्प बसली. आपण मोठी माणसंही तशीच गप्प बसतो. १९६० साली गुजरात वेगळं झालं तेव्हापासून इथे दारूबंदी आहे, त्यामुळे "आपल्याकडे हा प्रश्नच नाही" असं धरून चालायची सवय आपल्याला लागली आहे. बंदी मला हवीच आहे. कोपऱ्याकोपऱ्यावर दारूचं दुकान नाही, हे आपल्या मुलांचं भाग्य आहे. पण घरात, मंडळात, शाळेत या विषयावर कोणी तोंडच उघडत नसेल, तर मुलाला पहिली माहिती मिळते ती पोटली, म्हणजे पिशवीतली चोरटी दारू, विकणाऱ्याकडून.

त्या रात्रीनंतर आमच्या वाड्यात जे सुरू झालं, त्यातून काय जमतं आणि काय फसतं हे कळलं. ते इथे क्रमाने मांडते. दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा, वाडी, कुठेही हे करता येईल.

पहिली बैठक: सात माणसं पुरेत

मोठी सभा बोलावू नका. सभेत भाषणं होतात आणि लोक टाळ्या वाजवून घरी जातात. सहा-सात जण कोणाच्या तरी ओसरीवर बसा. त्यात मंडळाचा एक पदाधिकारी हवा, भजनी मंडळातली किंवा भिशीतली एक बाई हवी, कारण घराघरांत शिरता येतं ते तिलाच. एखादे शिक्षक, गल्लीतले डॉक्टर किंवा औषधाच्या दुकानातले भाई, आणि अठरा ते वीस वयाची दोन मुलं. ही दोन मुलं सगळ्यात महत्त्वाची. पंधरा वर्षांचा मुलगा पन्नाशीच्या माणसाला खरं सांगणार नाही, दादाला सांगेल.

पहिल्या बैठकीला पोलिसांना बोलावू नका. त्यांचं काम पुढे येणारच आहे. पण पहिल्याच दिवशी खाकी दिसली, तर ज्या घरात खरोखर अडचण आहे ते घर कायमचं बंद होतं.

बैठकीत एकच गोष्ट ठरवायची: कोणत्याही मुलाचं नाव या ओसरीबाहेर जाणार नाही. व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो नाही, आरतीनंतर माइकवरून टोमणा नाही. आमच्याकडे एका सद्गृहस्थांनी पहिल्याच आठवड्यात ग्रुपवर लिहिलं, "काही घरांनी आपल्या चिरंजीवांकडे लक्ष द्यावं." कोणाबद्दल ते सगळ्यांना कळलं. त्या मुलाच्या आईने दोन महिने आमच्याशी बोलणं टाकलं.

आधी माहिती काढा

अंदाजाने कामाला लागू नका. बारा ते अठरा वयाच्या मुलांना एकत्र बसवा, सारखे कागद आणि सारखी पेनं द्या, नाव लिहायचं नाही. प्रश्न चारच. तुझ्या ओळखीत तुझ्या वयाचं कोणी दारू पितं का? ती कुठून येते? कुठे बसून पितात? तुला अडचण आली तर कोणत्या मोठ्या माणसाला सांगशील? चिठ्ठ्या डब्यात टाकायच्या आणि डबा मुलांसमोरच सील करायचा. वाचणारी माणसं दोनच.

आमच्या चिठ्ठ्यांत दारू येण्याच्या वाटा वाचून मी हबकले. बुटलेगरचं, म्हणजे चोरून दारू विकणाऱ्याचं, नाव थोड्यांनीच लिहिलं होतं. बाकीच्यांनी लिहिलं होतं, "काकांच्या कपाटातून", "लग्नात", "मोठ्या भावाच्या मित्राने दिली", "विसर्जनाच्या टेम्पोत". आणि शेवटच्या प्रश्नापुढे बऱ्याच जणांनी लिहिलं होतं: कोणालाच नाही.

तो चौथा प्रश्न जपून ठेवा. काम चाललंय की नाही, हे पुढे त्यावरूनच कळतं.

त्याच आठवड्यात दादालोकांना घेऊन संध्याकाळी आठनंतर एक फेरी मारा आणि नकाशा काढा: कुलूप नसलेल्या गच्च्या, बंद पडलेलं घर, पार्किंगच्या मागची भिंत, विश्वामित्रीच्या काठचा अंधारा तुकडा. गच्चीला कुलूप आणि जिन्यात दिवा, एवढ्याने आमच्या दोन जागा सुटल्या. खर्च हजार रुपयांच्या आत.

घरातली बाटली

हा भाग सगळ्यात अवघड, म्हणून इथे थांबून लिहिते.

आपल्याकडे अनेक घरांत दारूचं परमिट असतं. प्रकृतीच्या कारणासाठी चाळिशीनंतर ते मिळतं आणि ते कायदेशीर आहे. पण परमिट माणसाचं असतं, घराचं नव्हे. ती बाटली कुलपात असली पाहिजे आणि किल्ली मुलांना ठाऊक नसली पाहिजे. बाटलीवर पेनाने खूण करून ठेवा. हे घरातल्या माणसाला सांगायला धीर लागतो. आमच्याकडे हे काम भजनी मंडळातल्या बायकांनी केलं, एकेका घरी चहाला जाऊन.

दुसरं, "घोटभर घे, मोठा झालास" म्हणणारे मामा-काका. लग्नात, उत्तरायणाला गच्चीवर, दमण-दीव किंवा आबूच्या सहलीत हे होतं. त्यांना प्रेमानेच, पण स्पष्ट सांगा: २०१५ च्या बालन्याय कायद्याचं कलम ७७ असं म्हणतं की अठरा वर्षांखालच्या मुलाला डॉक्टरच्या सल्ल्याशिवाय दारू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हा कायदा सगळ्या देशाचा आहे. सहलीला राज्याची हद्द ओलांडली म्हणून तो मागे राहत नाही. देणारा सख्खा काका असला तरी सूट नाही.

"घरीच थोडी चव दिली की बाहेर जाऊन पिणार नाही" असं मानणारे आईबाप मला बरेच भेटले. मनापासून मानतात, म्हणून वाद न घालता सांगते. पंचविशीपर्यंत मेंदूची वाढ चालू असते आणि स्वतःला आवरणारा भाग सगळ्यात शेवटी पक्का होतो. अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत असं दिसलं की पंधराच्या आत पिणं सुरू करणाऱ्यांना पुढे व्यसन जडण्याचा धोका विशीनंतर सुरू करणाऱ्यांच्या सुमारे चौपट असतो. एकेक वर्ष पुढे ढकललं तरी ते वर्ष कमावलेलं असतं.

यानंतर पालकांचा करार करा. एका पानाचा, सह्यांचा. आमच्या करारात इतकंच आहे: शाळकरी मूल रात्री किती वाजता घरी हवं ती वेळ सगळ्या घरांत एकच; माझ्या घरी मुलं जमली तर एक मोठं माणूस घरात असेल; दुसऱ्याचं मूल झिंगलेलं दिसलं तर मी आधी त्याला सुरक्षित करीन आणि मग त्याच्या आईबापांना सांगीन; आणि माझ्या मुलाबद्दल कोणी सांगायला आलं तर मी त्याच्यावर खेकसणार नाही. हे शेवटचं वाक्य लिहून घेतलंच पाहिजे. त्याशिवाय बाकीच्या ओळी कागदावरच राहतात.

मंडळाचे दहा दिवस

वडोदऱ्यात गणेशोत्सव म्हणजे मुलांचं वर्षभरातलं पहिलं स्वातंत्र्य. रात्री मांडवात झोपायला मिळतं, वर्गणीचे पैसे हातात असतात, मोठ्या मुलांच्या बरोबरीने ढोल वाजवता येतो. यातलं काहीही काढून घेऊ नका. काढून घेतलं तर मुलं दुसरीकडे जातील.

आम्ही काय केलं ते सांगते. मांडवात रात्री राहणाऱ्यांची यादी केली आणि त्यात रोज दोन पालकांची पाळी लावली. झोपायची नव्हे, जागायची पाळी. वर्गणीचा हिशेब रोज रात्री वहीत. मिरवणुकीच्या टेम्पोत बाहेरून आणलेली कोणतीही उघडी बाटली चढणार नाही. कारण त्या रात्री त्या मुलाला मिळाली होती ती कोल्ड्रिंकच्या दोन लिटरच्या बाटलीत आधीच मिसळून ठेवलेली, आणि ठेवणारी मोठी माणसं आमच्याच मंडळाची होती. हे लिहिताना मला लाज वाटते. टेम्पोत आता पाण्याचे जार, ताक आणि केळी असतात. उपाशीपोटी सहा-सहा तास नाचणाऱ्या मुलांना मध्ये काही खायला मिळालं तर अर्धी चिडचिड आणि अर्धा हट्ट तिथेच संपतो.

मोठ्यांसाठीही नियम एकच: प्यायलेला माणूस मिरवणुकीत नाही. परमिट असलं तरी नाही. पहिल्या वर्षी दोघांना घरी पाठवावं लागलं. त्यातले एक जुने पदाधिकारी होते. मुलं बघत होती. माझ्या मते त्या दिवशी मुलांना जे कळलं, ते दहा व्याख्यानांनी कळलं नसतं.

आणि गाड्या. सोळा वर्षांचा मुलगा ॲक्टिवा घेऊन विसर्जनाला निघतो आणि आपण हात दाखवून निरोप देतो. २०१९ च्या दुरुस्तीपासून मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९-क प्रमाणे अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीचा मालक यांना तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द होते आणि मुलाला पंचवीस वर्षं पूर्ण होईपर्यंत लायसन्स मिळत नाही. उत्सवात किल्ल्या मांडवातल्या डब्यात. नवरात्रीत गरब्याला आणि ३१ डिसेंबरला हीच पद्धत.

विकणाऱ्याचं काय करायचं

त्याच्या दारात मोर्चा नेऊ नका आणि मुलांना "लक्ष ठेवा" म्हणून पाठवू नका. हा धंदा करणारी माणसं धोकादायक असतात. २०१७ च्या दुरुस्तीनंतर दारू बनवणं, विकणं, वाहून नेणं यासाठी दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे, म्हणून अडवणाऱ्यावर हात टाकायला ती मागेपुढे पाहत नाहीत. जागा, वेळ, गाडीचं वर्णन एवढं लिहून काढा. चार-पाच मोठ्यांच्या सह्यांनी पोलीस ठाण्यात अर्ज द्या आणि पोच घ्या. पोच घेतलेला अर्ज आणि तोंडी सांगणं यात फार फरक पडतो. महिन्याने दुसरा अर्ज द्या, त्यात पहिल्याचा दिनांक लिहा. तातडीचं असेल तर ११२.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. पोटल्या पोचवायला कधी कधी बारा-तेरा वर्षांची मुलंच वापरतात, पन्नास-शंभर रुपयांवर. त्या मुलाला बुटलेगर म्हणू नका. त्याच बालन्याय कायद्याच्या कलम ७८ प्रमाणे मुलाला दारू विकायला किंवा वाहून न्यायला लावणारा गुन्हेगार असतो. अशा मुलासाठी १०९८ वर फोन करा. हा मुलांच्या मदतीचा क्रमांक आहे आणि मूल स्वतःही तिथे बोलू शकतं.

मुलांशी कसं बोलायचं

व्याख्यान देऊ नका. यकृताची चित्रं दाखवून चौदा वर्षांच्या मुलाला भीती वाटत नाही. त्याला चाळीस वर्षांनंतरचं यकृत दिसतच नाही. त्याला दिसतो तो शुक्रवारचा ग्रुप, आणि त्याला वाटतं की सगळेच पितात, मीच मागे. हे खोटं आहे हे त्याला कळू द्या. एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १० ते १७ वयाच्या मुलांमध्ये दारू पिणारी १.३ टक्के निघाली. म्हणजे शंभर मुलांत एखाद-दुसरं. आपल्या चिठ्ठ्यांमधलं उत्तरही मुलांनाच मोजायला लावा. आकडा कमीच निघतो, आणि तो बघून त्यांच्या चेहऱ्यावर जो सुटल्याचा भाव येतो, तो मी पाहिला आहे.

मग "नाही" म्हणायचा सराव. खरोखरचा, उभं राहून. एकाने आग्रह करायचा, दुसऱ्याने टाळायचं. आमच्या मुलांनीच शोधलेली वाक्यं अशी: "उद्या सकाळी व्यायामशाळा आहे." "पप्पा तोंडाचा वास घेतात." "मी आज गाडीवाल्यांना सांभाळणार." मुलाला स्वतःच्या तत्त्वांवर उभं राहायला लावण्यापेक्षा सुटायला वाट द्या. आणि प्रत्येक घरात एक खुणेचा मेसेज ठरवा. आमच्याकडे तो आहे "आजीची गोळी राहिली". हा मेसेज आला की घरचं माणूस फोन करून म्हणतं, लगेच ये. काय झालं ते त्या रात्री विचारायचं नाही, दुसऱ्या दिवशी दुपारी विचारायचं.

रात्री कोणी पडलेलं सापडलं तर

हा भाग छापून मांडवात आणि जिन्यात लावा.

हाक मारा, खांदा हलवा. डोळे उघडत नसतील, श्वास मंद असेल (मिनिटाला आठपेक्षा कमी, किंवा दोन श्वासांत दहा सेकंदांहून जास्त अंतर), अंग गार किंवा ओठ निळसर असतील, झटके येत असतील, उलटी होऊनही शुद्ध नसेल, तर लगेच १०८. यातलं एक लक्षण पुरे.

मुलाला कुशीवर वळवा, वरचा गुडघा पुढे वाकवा, डोकं किंचित मागे, तोंड जमिनीकडे, म्हणजे उलटी झाली तर बाहेर येईल. उताणं ठेवलं तर उलटी श्वासनलिकेत जाऊन जीव जाऊ शकतो. अंगावर चादर घाला. रुग्णवाहिका येईपर्यंत कोणीतरी जवळ बसून श्वास मोजत राहा.

लिंबूपाणी, कॉफी, ताक, मीठ घातलेलं पाणी, काही नाही. बोटं घालून उलटी काढायची नाही. गार पाण्याची बादली नाही. दारूने शरीर आधीच गार पडत असतं. "झोपू दे, उतरेल" असंही नाही. पोटातली दारू झोपल्यावरही रक्तात चढतच असते.

पोटली असेल तर वेगळी काळजी. भेसळीच्या दारूत मिथेनॉल असू शकतं. २००९ मध्ये अहमदाबादला त्यानेच शंभराहून जास्त माणसं गेली आणि जुलै २०२२ मध्ये बोटाद परिसरात चाळिसाहून जास्त. मिथेनॉलचं फसवं असं की सुरुवातीला साधी नशा वाटते आणि खरं विष बारा-चोवीस तासांनी चढतं: डोळ्यांसमोर धूसर, पोटात कळा, धाप. दुसऱ्या दिवशी मुलगा "धुकं दिसतंय" म्हणाला तर एक मिनिट वाया न घालवता सयाजी रुग्णालयासारख्या मोठ्या रुग्णालयात न्या. या विषावर उतारा असतो, पण तो वेळेत द्यावा लागतो. काय प्यायला, किती, केव्हा, हे डॉक्टरांना खरं सांगा. बाटली किंवा पिशवी सापडली तर बरोबर न्या.

आणि पोलीस? मुलांना हे सांगून ठेवाच: डॉक्टरांचं पहिलं काम जीव वाचवणं. पुढे चौकशी झालीच, तर अठरा वर्षांखालच्या मुलाला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही; त्याचं प्रकरण बालन्याय मंडळापुढे जातं. भीतीने वाया गेलेला पाऊण तास त्याहून कितीतरी महाग पडतो.

नंतरचे पंधरा दिवस

मुलगा शुद्धीवर आला की घरात आधी मार आणि मग अबोला सुरू होतो. दोन्ही टाळा. एक मोठं माणूस, शक्यतो आई किंवा बाप नव्हे, त्याच्याबरोबर बसून एवढंच विचारू दे: त्या दिवशी काय झालं होतं? परीक्षेतली नापासी, घरातली भांडणं, कोणीतरी नाकारणं, काहीतरी असतंच. कधी कधी कळतं की घरात बापच रोज पितो. तिथे मुलाला समजावून काही होत नाही. आईला १८१ अभयम या महिलांच्या हेल्पलाइनचा क्रमांक द्या आणि तिच्याबरोबर कोणीतरी राहा.

पुन्हा पुन्हा होत असेल तर राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६, मन खचलेलं असेल तर टेलि-मानस १४४१६. दोन्ही मोफत. प्रत्यक्ष भेटायचं तर सयाजी रुग्णालयाचा मानसोपचार विभाग आहे, कारेलीबागेत सरकारी मानसिक आरोग्य रुग्णालय आहे. "वेड्यांचं इस्पितळ" म्हणून घरचे नाक मुरडतील. पहिल्या वेळी कोणीतरी बरोबर जा. त्या मुलाला मंडळाच्या कामातून काढू नका.

संध्याकाळी सहा ते नऊ

आइसलँडमध्ये १९९८ साली पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्क्यांनी महिन्याभरात झिंगेपर्यंत प्यायल्याचं सांगितलं होतं. २०१६ पर्यंत ते ५ टक्क्यांवर आलं. तिथे त्यांनी दरवर्षी मुलांना विचारलं, उत्तरं त्या त्या वस्तीला लगेच सांगितली, आईबापांनी घरी यायची वेळ मिळून ठरवली, आणि खेळ-संगीतासाठी मुलांमागे पैसे दिले. आपल्याकडे तर खेळाची परंपरा घरातलीच आहे. दांडिया बाजारातलं जुम्मादादा व्यायाममंदिर, प्रोफेसर माणिकराव, मल्लखांब, लेझीम: आपले आजोबा संध्याकाळी तिथे सापडायचे. आपण मुलांना ट्यूशनला घालतो आणि दहावीला "आता खेळ बंद" म्हणतो. ते एक वर्ष खेळ चालू ठेवा, हे मी पदर पसरून सांगते. फी परवडत नसेल त्या मुलाची फी वर्गणीतून भरा. डीजेचा एक तास कमी केला की चार मुलांचं वर्ष निघतं.

सुरुवात कधी करायची? आषाढ संपता संपता पहिली ओसरीची बैठक, श्रावणात चिठ्ठ्या आणि चहाला जाणं, हरतालिकेच्या आधी करारावर सह्या आणि मांडवाच्या पाळ्या. दिवाळीनंतर पुन्हा चिठ्ठ्या काढा आणि चौथ्या प्रश्नाची उत्तरं पहिल्या गठ्ठ्याशेजारी ठेवून मोजा. आमच्याकडे पहिल्या वर्षी "कोणालाच नाही" कमी झालं, पण थोडंच. दुसऱ्या वर्षी चिठ्ठ्यांवर नावं दिसू लागली: अमुक दादा, तमुक काकू, आणि दोन चिठ्ठ्यांवर "पप्पा".